पाडवा ते पाडवा: सोसायटीचं आणि घरच्या प्रवासांचं वर्ष फोटोत टिपताना

गणपतीत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो आणि दिवाळी येईपर्यंत त्यातला हवा तो एकही सापडत नाही. घरच्या सहलींचंही तेच. समुद्राचे ढीगभर फोटो असतात, पण जिच्यासाठी एवढ्या लांब गेलो ती आजी एकातही धड दिसत नाही. याचा कॅमेऱ्याशी फारसा संबंध नाही. काय टिपायचं ते आधी ठरलेलं नसतं आणि टिपलेल्यावर कुणी नावगाव लिहीत नाही, म्हणून हे होतं.

आपल्या सोसायटीचं, चाळीचं किंवा वाडीचं आणि सोबत घरच्या प्रवासांचं एक अख्खं वर्ष ज्यांना फोटोत ठेवायचंय, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझी उदाहरणं डोंबिवलीतली आहेत. तीन मजली, लिफ्ट नसलेली, आता पुनर्विकासाच्या वाटेवर असलेली सोसायटी डोळ्यांसमोर आणा. तुमच्याकडे चाळ असेल, वाडा असेल, गावातली आळी असेल. पद्धत तीच.

१. वर्षाची हद्द ठरवा

जानेवारी ते डिसेंबर चालेल, पण मी पाडवा ते पाडवा सुचवेन. डोंबिवलीत पाडव्याच्या सकाळी फडके रोडवर गणेश मंदिराशी स्वागतयात्रेची गर्दी लोटते. सगळे आंघोळ करून, नटून, सकाळच्या कोवळ्या उन्हात रस्त्यावर असतात. फोटो शिकायला याहून सोपा दिवस वर्षात दुसरा नाही.

शके १९४८ चं उदाहरण घ्या. १९ मार्च २०२६ ला सुरू होणारं हे वर्ष ७ एप्रिल २०२७ च्या पाडव्याला संपतं, कारण मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे महिने तेरा. संवत्सराचं नाव ‘पराभव’ आहे, पण त्याने घाबरून जायचं कारण नाही. अधिक महिना असल्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येतं. पाऊस ओसरत आलेला असताना मिरवणुका होतील, हे कॅमेरेवाल्याला आधी माहीत असलेलं बरं. शिवाय अधिकात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. तो फोटो पुढची दोन-तीन वर्षं पुन्हा मिळणार नाही.

आता भिंतीवरचं कालनिर्णय घ्या आणि तीन रंगांचे पेन. एका रंगाने सण आणि सोसायटीचे कार्यक्रम, दुसऱ्याने घरचे प्रवास. तिसऱ्या रंगाने मात्र ज्या दिवशी काहीच नाही असे दर महिन्याला दोन दिवस गोल करा. एक रविवार आणि एक कामाचा वार. त्या दिवशी अर्धा तास सोसायटीत नुसतं फिरायचं. वर्षाच्या शेवटी सगळ्यात जास्त किमतीचे फोटो याच तिसऱ्या रंगाचे निघतात. का, ते पुढे येईल.

२. हातात जे आहे ते

फोन पुरतो. गेल्या काही वर्षांतला कुठलाही बरा फोन बारा मेगापिक्सेलचा, म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो देतो. तीनशे डीपीआयने (म्हणजे इंचाला तीनशे ठिपके) त्याची आठ बाय बारा इंची प्रत सहज निघते. कॅमेरा घ्यायचाच असेल तर लेन्स बदलता येणारा कोणताही जुना कॅमेरा (डीएसएलआर किंवा मिररलेस) आणि सोबत ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो. ती स्वस्त असते आणि मांडवातल्या, घरातल्या कमी उजेडात उपयोगी पडते. मोठी झूम लेन्स पहिल्या वर्षी नको. ती असली की माणसांपासून लांब उभं राहायची सवय लागते.

फोनमध्ये चार गोष्टी आजच करून टाका. लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. निम्मे धुरकट फोटो धुक्यामुळे नसतात, बोटांच्या तेलामुळे असतात. पडद्यावरच्या जाळीच्या रेषा सुरू करा, म्हणजे इमारत कलंडलेली येणार नाही. फोटोच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव छापणारी सोय बंद करा. आणि तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा. कॅमेरा आणि फोन दोन्ही वापरत असाल तर दोघांची घड्याळं मिनिटाला मिनिट जुळवा, नाहीतर नंतर क्रम लावताना आरती आधी आणि मूर्ती मागून येते.

बोटांनी ताणून झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. मोठ्या घोळक्यासाठी ०.५ चा रुंद कॅमेरा वापरण्याचा मोह होतो, पण त्यात कडेला उभ्या असलेल्यांची तोंडं ताणली जातात. ते कुणालाच आवडत नाही आणि फोटोत कडेला नेमके ज्येष्ठ उभे राहतात.

३. आधी ओळख, मग फोटो

सोसायटीच्या सेक्रेटरींना एकदा स्पष्ट सांगा की वर्षभर फोटो काढणार आहे, कशासाठी काढणार आहे आणि ते कुठे ठेवणार आहे. सूचना फलकावर चार ओळी लावल्या तर उत्तम. ‘ज्यांना आपला किंवा मुलांचा फोटो नको असेल त्यांनी सांगावं’ हे वाक्य त्यात हवंच. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांच्या परवानगीशिवाय ग्रुपवर टाकायचे नाहीत, हा नियम स्वतःला घालून घ्या. काढणं वेगळं, वाटणं वेगळं.

वॉचमनकाका, झाडलोट करणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले भैया, दूध टाकणारा मुलगा यांच्याशिवाय सोसायटीचं वर्ष होत नाही आणि नेमके हेच कुठल्या फोटोत नसतात. त्यांना विचारताना जरा जास्तच सांभाळून विचारा. नोकरीच्या जागी असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. “काका, तुमचा एक फोटो काढू का? चार बाय सहाची प्रत तुम्हाला देतो” असं म्हणा आणि आठवड्याच्या आत ती प्रत खरंच द्या. गावी पाठवायला चांगला फोटो बऱ्याच जणांकडे नसतो. एकदा प्रत हातात पडली की पुढे वर्षभर तेच तुम्हाला हाक मारून सांगतात की आज टाकी धुणार आहेत, या.

ज्या घरी दुःख आहे तिथे कॅमेरा न्यायचा नाही. यावर चर्चा नको. पण एक गोष्ट होते, तिची तयारी असू द्या. कुणी गेलं की दोन दिवसांत घरातलं माणूस येतं आणि विचारतं, “तुमच्याकडे बाबांचा एखादा चांगला फोटो आहे का? फ्रेमला लावायला.” घरात आधार कार्डावरचा असतो, नाहीतर कुठल्यातरी लग्नात अर्धा कापला गेलेला. म्हणून वर्षभरात सोसायटीतल्या प्रत्येक ज्येष्ठाचा खिडकीच्या उजेडात, शांत बसलेला, खांद्यापर्यंतचा एक फोटो काढून ठेवा. कारण सांगू नका. ‘सोसायटीच्या अल्बमसाठी’ एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही.

४. सण: उजेडाशी भांडू नका

सणांचे फोटो बिघडतात ते बहुतेक उजेडामुळे. प्रत्येक सणाचा उजेड वेगळा आणि प्रत्येकाची युक्ती वेगळी, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

गुढी आकाशापुढे असते. खालून फोटो काढला की गुढी काळी आणि आभाळ पांढरं येतं. पडद्यावर गुढीवर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड दोन्ही तिथे पक्के होतात, मग शेजारची सूर्याची खूण वर-खाली सरकवून उजेड जुळवा. ही एक युक्ती वर्षभर पुरते. मागचं सगळं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड मात्र गुढीला लावू नका. तो कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी अर्धी खाऊन टाकतो.

गणपतीच्या मांडवात खरा त्रास एलईडीचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, फोटोत आडवे काळे पट्टे येतात. फोनच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) किंवा कॅमेऱ्यात शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, पट्टे जातात. आरतीच्या वेळी फ्लॅश नको. निरांजनाचा सगळा सोनेरी उजेड तो धुऊन टाकतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांना विनंती करून आरतीपुरती समोरची ट्यूब बंद करता आली तर बघा. मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० पर्यंत जाऊ द्या. फोटो थोडा दाणेदार आला तरी चालतो, हललेला चालत नाही. आणि मूर्तीकडे पाठ करून उभे राहा. मूर्तीचे फोटो सगळेच काढतात. टाळ्या वाजवता वाजवता शेवटच्या कडव्याला अडखळणारे चेहरे, प्रसादाच्या ताटाकडे लागलेले मुलांचे डोळे, मागे खुर्चीत बसून पुटपुटणारे आजोबा, हे सगळं मूर्तीच्या बाजूनेच दिसतं.

घरात उकडीचे मोदक चालले असतील तर तिथे आधी जा, मांडवात नंतर. स्वयंपाकघरातला दिवा बंद करा आणि खिडकी वळणाऱ्याच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे उभे राहा. बाजूने येणाऱ्या उजेडात मोदकाच्या मुखऱ्या एकेक मोजता येतात. समोरून उजेड पडला तर त्या सपाट होतात. एक फोटो हातांचा, एक चेहऱ्याचा आणि एक सगळ्या ओट्याचा पसाऱ्यासकट. पसारा आवरायला सांगू नका, तोच तर हवा आहे.

विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलवाल्यांचे हात गोठवायचे असतील तर शटर १/५०० हवं. फिरणाऱ्या ध्वजाची लाट दिसायला हवी असेल तर १/३० वर उतरा आणि कोपर छातीला टेकवून श्वास रोखा. गुलालात लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर लेन्स आधी ब्लोअरने (दाबून हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने) फुंकरा, मगच कापड लावा. कोरडा गुलाल कापडाने घासला की काचेवर चरे पडतात. मिरवणूक संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळचा रिकामा मांडवही काढा. बांबू सोडणारी पोरं, उरलेलं थर्माकोल किंवा पुठ्ठा, चपलांचा हिशेब. तिथे माणसं पोज देत नाहीत.

नवरात्रात भोंडला होत असेल तर गच्चीवरून किंवा पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढा. मधला पाटावरचा हत्ती आणि भोवतीचा फेर वरूनच कळतो. मग खाली उतरून खिरापत ओळखण्याचा गोंधळ. तो जवळून. कोजागरीला लोक चंद्राचा फोटो काढायला जातात आणि आभाळात पांढरा ठिपका घेऊन परततात. पूर्ण चंद्र हा उन्हात असलेला दगड आहे, त्याला रात्रीची सेटिंग लागत नाहीत. कॅमेऱ्यात एफ ११, आयएसओ १००, शटर १/१०० किंवा १/१२५ ठेवा, चंद्रावरचे डाग दिसतील. फोनवाल्यांनी चंद्राचा नाद सोडावा आणि गॅसवरच्या पातेल्यात आटणारं दूध काढावं.

दिवाळीत मुलांचे किल्ले. उभ्याने काढलेला किल्ला मातीचा ढीग दिसतो. फोन उलटा धरून, लेन्स जमिनीला टेकवून काढा. मग मोहरी किंवा अळीव उगवलेल्या उतारावरून मावळा खरंच चढतो आणि मागे इमारतीचा जिना एखाद्या कड्यासारखा उभा राहतो. किल्ला बांधायच्या दिवसाचेही फोटो हवेत. माती कुठून आणायची यावरचं भांडण, गोणपाट, चिखलाने माखलेली शर्टं. पूर्ण झालेला किल्ला दरवर्षी साधारण सारखाच असतो, बांधणारी पोरं मात्र दरवर्षी वेगळी.

संक्रांतीच्या काळ्या कपड्यांनी कॅमेरा फसतो. चौकटीत काळं जास्त दिसलं की तो उजेड वाढवतो, काळी साडी करडी होते आणि बोरन्हाणातल्या बाळाचे हलव्याचे दागिने नुसते पांढरे फटक. उजेडाची (एक्स्पोजरची) सेटिंग उणे दोन तृतीयांशावर, म्हणजे -०.७ वर, आणा. पावसाळी घाटातल्या धुक्यात बरोबर उलट: तिथे कॅमेरा धुकं करडं करतो, म्हणून अधिक दोन तृतीयांश. हळदीकुंकवाला पुरुष फोटोग्राफरने दारातून दोन फोटो घेऊन सटकावं. कॅमेरा घरातल्या एखाद्या मुलीच्या हाती द्यावा. तिचे फोटो चांगले येतात, हा माझा अंदाज नाही, पाहिलेलं आहे.

५. काहीच नसलेले दिवस

आता तिसरा रंग. सणाचे फोटो तुम्ही काढले नाहीत तरी कुणी ना कुणी काढतंच. पण जिन्याखालची लाकडी पत्रपेटी, तिच्यावर खडूने लिहिलेला फ्लॅट नंबर, मीटर रूमच्या दारावरचं गंजलेलं कुलूप, गच्चीत वाळत घातलेले पापड, संध्याकाळी कट्ट्यावर ठरलेल्या जागी बसणारे चौघे, पाणी येण्याच्या वेळेला वाजणाऱ्या बादल्या यांचा फोटो कुणाकडेच नसतो. आणि डोंबिवली-ठाण्यापासून पुण्यापर्यंत ज्या सोसायट्यांच्या बैठकीत सध्या एकच विषय चालतो, त्या विषयानंतर यातलं काहीही उरणार नाही.

तुमची इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर हा भाग पुढे ढकलू नका. एकदा घरं रिकामी व्हायला लागली की आठवडाभरात ग्रिल, दारं, खिडक्या निघतात. त्याआधी प्रत्येक मजल्याचा जिना, प्रत्येक दार नावाच्या पाटीसकट आणि ज्यांची तयारी असेल त्यांच्या घराच्या प्रत्येक खोलीचे दोन फोटो घ्या, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून. कडाप्प्याचा ओटा, मोझाइकच्या फरशा, भिंतीवर पेन्सिलने मुलांची उंची मोजलेल्या खुणा. उंचीच्या खुणांचा फोटो तिरक्या उजेडात आणि अगदी समोरून घ्या, म्हणजे तारखा वाचता येतील. वार्षिक सर्वसाधारण सभेचाही फोटो घ्या. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत ती घ्यावीच लागते, तेव्हा तारीख चुकायची भीती नाही. पार्किंगच्या मुद्द्यावरचे चेहरे कुठल्याही नाट्यस्पर्धेत मिळणार नाहीत. फक्त काढण्याआधी अध्यक्षांना विचारा आणि भांडण तापलं की कॅमेरा खाली.

दर महिन्याला एक फोटो नेमक्या त्याच जागेवरून घ्या. गच्चीत पाण्याच्या टाकीजवळ कठड्यावर रंगाची छोटी खूण करा, तिथे फोन टेकवा, गेटाकडे तोंड. वेळही तीच ठेवा, सकाळी आठ म्हणा. गेटाशी बहावा किंवा गुलमोहर असेल तर तेरा महिन्यांत पानगळ, बहर, पावसातला काळा बुंधा, छाटणीनंतरचा बोडका सांगाडा असं सगळं एका रांगेत लागतं. पार्किंगमधल्या गाड्या कशा बदलल्या तेही.

सगळ्या सोसायटीचा एक एकत्र फोटो प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनानंतर घ्या. सगळे खाली असतात, बरे कपडे असतात, आणि जिलेबी येईपर्यंत कुणी हलत नाही. इमारतीच्या सावलीत उभं करा. उन्हात सगळे डोळे मिचकावतात. पुढे सतरंजीवर मुलं, मग खुर्च्यांवर ज्येष्ठ, मागे उभे. तुम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून काढा, म्हणजे मागच्यांचे चेहरे झाकले जात नाहीत. कॅमेरा असेल तर एफ ८, म्हणजे पुढची-मागची रांग दोन्ही स्पष्ट. लागोपाठ सात-आठ फोटो घ्या, एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतील. मग खाली या, दुसऱ्या कुणाला तरी वर पाठवा आणि स्वतः रांगेत उभे राहा. फोटो काढणारा माणूस वर्षभराच्या अल्बममध्ये नसणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

६. घरचे प्रवास

प्रवासाचे फोटो घरातूनच सुरू होतात. अर्धवट भरलेल्या बॅगा, दशम्यांचा डबा, रिक्षात मावत नसलेलं माणूस, स्टेशनवरचा इंडिकेटर. निघताना कुणी पोज देत नाही, सगळे एकमेकांना काहीतरी विसरल्याचं सांगत असतात.

रेल्वेने जात असाल तर उतरल्यावर पहिला फोटो स्टेशनच्या पिवळ्या पाटीचा घ्या. मराठी, हिंदी, इंग्रजीत नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची, सगळी माहिती एका फोटोत. एसटीने गेलात तर बसची पाटी किंवा स्थानकाचं नाव. नंतर फोटो लावताना ही पाटी म्हणजे पुढच्या सगळ्या फोटोंचं शीर्षक. कोकण रेल्वेवर धावत्या गाडीतून काढताना शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा. वातानुकूलित डब्यात लेन्स काचेला जवळजवळ चिकटवा आणि हाताने कडा झाका, म्हणजे डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे, पण गाडीतून तो काही सेकंदच दिसतो. फोन आधीच उघडून ठेवा. हात किंवा डोकं बाहेर काढायचं नाही. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात फोटो निघत नाही, तेव्हा डब्यातल्या माणसांकडे वळा. अंधारात सगळे एकदम गप्प होतात किंवा एकदम ओरडतात.

मे महिन्यात गावच्या घरी दुपारचं ऊन माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतं. सगळ्यांना पडवीत आणा. बाहेरच्या अंगणातून आत येणारा उजेड मऊ असतो, आणि जांभ्याची भिंत मागे. अंगणाकडे तोंड करून बसवा, तुम्ही अंगणात उभे राहा. सगळ्या पिढ्या एका फोटोत हव्या असतील तर जेवणानंतर, झोपायच्या आधी. त्या वेळी कुणाला उठून जायची घाई नसते. समुद्रावर सूर्यास्ताला माणसं काळी येतात. ती आकृती म्हणूनच काळी येऊ द्या, किंवा सूर्य मावळल्यानंतर दहा मिनिटं थांबा, तेव्हा चेहऱ्यावर सारखा उजेड असतो. बहुतेक लोक नेमके त्याच वेळी गाडीकडे निघालेले असतात.

कासच्या पठारावर सप्टेंबरात जात असाल तर आधी आरक्षण करा आणि आखलेली वाट सोडू नका. फुलं गुडघ्याखाली आहेत, त्यामुळे वाटेवर बसून आडवा फोटो घ्या. फुलांत आडवे पडलेले लोक दिसतात, तसलं काही करू नका. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. कुलदैवताला गेलात तर अनेक देवळांत गाभाऱ्यात फोटोला बंदी असते. तो आग्रह धरूच नका. ओटी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या घरच्या बायका, दीपमाळ, बाहेरचं नारळाचं दुकान, हे पुरेसं आहे.

प्रत्येक प्रवासातून एक प्रश्न स्वतःला विचारून परत या: आपल्यातल्या प्रत्येकाचा एक तरी फोटो आहे का? दहा ठिकाणांपेक्षा हे महत्त्वाचं.

७. पावसाळ्यात सामान

कोकणपट्टीतल्या दमट हवेत लेन्सच्या काचेवर आतून बुरशी धरते. कॅमेरा चामड्याच्या बॅगेत, कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दमल्या की बदला. एसी खोलीतून एकदम बाहेर आलात तर लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसू नका, पंधरा मिनिटं थांबा. कॅमेरा वापरत राहिलात तर बुरशी लागण्याचा धोका कमी होतो, तेव्हा वर्षभराचा हा उद्योग लेन्सच्याही तब्येतीला चांगला.

८. नावं लिहा, मग निवडा

हे काम कंटाळवाणं आहे आणि यावरच सगळं अवलंबून आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तासभर बसा. आधी हललेले, दुहेरी, डोळे मिटलेले उडवा. मग महिन्याचे तीस ठेवा. वर्षाचे चारशेच्या आत राहतात आणि ते कुणीतरी पाहू शकतं. हजारो फोटो कुणी पाहत नाही, काढणाराही नाही. निवडताना जो तिथे नव्हता त्याला शेजारी बसवा. तुम्हाला प्रसंग आठवतो म्हणून फोटो आवडतो, त्याला फक्त फोटो दिसतो.

फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०२६-०९-१४ गणपती आगमन’. असं लिहिलं की ते आपोआप क्रमाने लागतात. प्रत्येक ठेवलेल्या फोटोसोबत दोन ओळी: डावीकडून कोण कोण, कुठे, काय चाललंय. ‘बी विंगच्या काकू’ आज सगळ्यांना कळतं, वीस वर्षांनी कुणाला नाही. पूर्ण नाव लिहा, माहेरचं माहीत असेल तर तेही. नाव आठवत नसेल तर त्याच आठवड्यात विचारा.

दुरुस्ती म्हणाल तर सरळ करणं, कडा कापणं, उजेड थोडा वर-खाली. स्नॅपसीडसारखं फुकट ॲप पुरे. गोरं करणारे आणि सुरकुत्या पुसणारे फिल्टर ज्येष्ठांच्या फोटोंना लावणं हा अपमान आहे असं माझं मत आहे.

९. तीन प्रती

फोटो तीन ठिकाणी हवेत, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक प्रत घराबाहेर. फोनवर एक, एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर दुसरी आणि तिसरी ऑनलाइन किंवा नाशिकच्या भावाकडे ठेवलेल्या दुसऱ्या डिस्कवर. गूगलवर फुकट जागा १५ जीबी मिळते आणि त्यात ईमेलही मोडतं. अमर्याद फोटो ठेवायची जुनी सोय १ जून २०२१ ला बंद झाली. मेमरी कार्ड ही साठवायची जागा नाही. आणि व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो, त्यामुळे छापायला हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

१०. कागदावर

चारशेतले शंभर-सव्वाशे छापायला निवडा. चार बाय सहा इंची चांगल्या प्रतीला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, त्याहून कमी असलेले बाजूला काढा. स्टुडिओत पुस्तक करून घेणार असाल तर मराठी मजकूर युनिकोडमध्ये (फोनवर मराठी लिहितो त्याच पद्धतीत) द्या आणि छपाईआधी प्रूफ मागा. ते डोळ्यांत तेल घालून वाचा. काही ठिकाणी जुन्या फाँटमध्ये मजकूर बदलताना जोडाक्षरं फुटतात, आणि ‘श्रद्धा’ कुठल्या कुठे जाते.

छापायच्या आधी मात्र एक प्रयोग करा. साध्या प्रती काढून पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी जिन्याच्या कठड्याला दोरी बांधा आणि चिमट्यांनी फोटो लावा. खाली पेन्सिल आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा. लोक थांबतात, नावं चुकली असतील तर सांगतात, अनोळखी चेहरे ओळखतात, आणि आपल्या घरी पडलेले जुने अल्बम घेऊन खाली येतात. त्या जुन्या फोटोंचे लगेच तिथेच, खिडकीच्या सावलीतल्या उजेडात, प्लॅस्टिकमधून बाहेर काढून फोटो घ्या आणि मागच्या बाजूला लिहिलेलं असेल तर तीही बाजू घ्या.

पुस्तकाच्या निदान तीन प्रती करा: एक तुमच्या घरी, एक ज्यांनी सगळ्यात जास्त नावं सांगितली त्यांच्या घरी, आणि एक सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात, भाग-दाखल्यांच्या (शेअर सर्टिफिकेटांच्या) नोंदवहीशेजारी. त्या प्रतीची सेक्रेटरींकडून वस्तुसूचीत रीतसर नोंद करून घ्या. कमिटी बदलली की कपाटं आवरली जातात, आणि नोंद असलेली वस्तू रद्दीत टाकायला ठराव लागतो.